अंगठ्यातली अनामिका

मोठ्या सरांना पाठीमागे सगळे 'करवत' म्हणायचे. जाताना कापते, येतानाही कापते. समोर मात्र 'सर', आणि तेही नजर जमिनीवर ठेवून. हाताच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, हे त्यांना पाण्यात पाहणारेही कबूल करायचे. यंत्रात गेलेली बोटं, दारात चेंगरलेली टोकं, सगळं त्यांच्याकडे यायचं. माणसं स्वतःचं बोट पिशवीत घेऊन यायची आणि हाताला लावून घेऊन घरी जायची.

शिवलेल्या बोटात जाणीव परत आली का, हे बघायची सरांची एक खास रीत होती. पेशंटला घरच्या गप्पांत गुंतवायचं, मुलं किती, सासू कशी आहे, आणि गडी रंगात आला की त्याच्या नकळत बोटात सुई टोचायची. तो किंचाळला की म्हणायचे, "छान! आली जाणीव. पुढचा!" शिकाऊ डॉक्टर हसायचे. हसलं नाही तर पुढची सुई आपल्याला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काही पेशंटचं रडगाणं वेगळंच असायचं. अंगठ्याच्या टोकाची मऊ गादी गेली की सर करंगळीशेजारच्या बोटाच्या, अनामिकेच्या, कडेची कातडी घ्यायचे. ती तिच्या रक्तवाहिनीसकट आणि मज्जातंतूसकट मोकळी करायची, तळव्याच्या कातडीखालून ओढून आणायची आणि अंगठ्यावर बसवायची. अंगठा पुन्हा भरायचा, त्याला जाणीवही मिळायची. पण मज्जातंतू राहायचा जुन्याच घरचा. अंगठ्याला काही लागलं की मेंदूला वाटायचं, अनामिकेलाच लागलं. शिवणकाम करणारी एक बाई एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "डॉक्टर, सुई अंगठ्यात धरते आणि टोचल्यासारखं होतं त्या बोटात. माझा हातच मला परका झालाय."

"बोटं तुझीच आहेत ना? शेजारणीची तर नाहीत?" सर म्हणाले. "मग घरातल्या घरात काय तो हिशेब कर."

तेव्हाही सगळे हसले. हसली नाही ती गोगलगाय.

हे नाव तिला सरांनीच दिलं होतं, ती शिकाऊ डॉक्टर म्हणून आल्या आल्या. टाका घालायला तिला वेळ लागायचा. हात कापायचा नाही, चूक व्हायची नाही, पण वेळ लागायचा. बघता बघता वॉर्डबॉयपासून सिस्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. पुढे ती स्वतः शस्त्रक्रिया करायला लागली, सरांच्या खालोखाल तिचंच नाव घेतलं जाऊ लागलं, तरी नाव गेलं नाही. एकदा तिनं बराच वेळ खपून एक रक्तवाहिनी शिवली होती. सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, मान हलवली, कात्री घेतली आणि सगळे टाके एका फटक्यात कापून टाकले. "चांगलं होतं," ते म्हणाले. "आता पुन्हा घाल. या खेपेला माणसाच्या वेगानं." टेबलावर पेशंट भूल घेऊन झोपलेला होता. त्याला बिचाऱ्याला काय पत्ता, की त्याच्या हातावर कुणाचा तरी पाणउतारा चाललाय.

गोगलगायीनं नवी सुई मागितली. पुन्हा घातले.

आणि एका सुट्टीच्या सकाळी मोठे सर बाल्कनीत घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसायला गेले. अंगानं ते भारदस्त. खुर्ची पुरती उघडली नव्हती. बसता बसता ती सरकवायला त्यांनी उजवा हात खाली घातला, आणि वरून त्यांचंच सगळं वजन आलं. दोन पट्ट्या कात्रीसारख्या मिटल्या.

हात वर आला तेव्हा अंगठ्याची अख्खी गादी नाहीशी झाली होती. नख होतं, त्याच्या खाली हाडाचं पांढरं टोक होतं. हे दृश्य त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण नेहमी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं.

"तुकडा!" ते ओरडले. "तुकडा शोध! बघतेस काय माझ्या तोंडाकडे?"

बायको गुडघ्यांवर बसून कुंड्यांच्या मागे, खुर्चीच्या खाली हात फिरवू लागली. सापडला तिला. मग तिनं जीव एकवटून जे सुचलं ते सगळं केलं. नवऱ्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला, शेजाऱ्याला गाडी काढायला लावली, आणि गाडी येईपर्यंत तुकडा खराब होऊ नये म्हणून तो वाटीत चमचाभर पाण्यात घालून ती फ्रीजरमध्ये ठेवली.

हॉस्पिटलात वाटी उघडली तेव्हा तुकडा पांढराफटक आणि दगडासारखा झाला होता.

सरांनी एकदाच पाहिलं. "मेला," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात तिच्यावर तुटून पडले. "ओल्या कपड्यात गुंडाळायचा! कोरड्या पिशवीत घालायचा! आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची! इतकं साधं आहे ते! जगाला सांगत फिरतोय मी, आणि माझ्याच घरात ही अक्कल?"

"मला कधी सांगितलं होतंत?" बायकोनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच आठवत नव्हतं. कामाचं घरी बोलायचं नाही, तुला त्यातलं काही कळत नाही, हे मात्र तिला चांगलं आठवत होतं.

गोगलगाय आली. तिनं हात पाहिला, धुतला आणि स्टूल ओढून समोर बसली.

"सर, तर्जनीच्या मागची कातडी अंगठ्याला लावूया. काही आठवडे दोन्ही बोटं एकमेकांना शिवलेली ठेवावी लागतील. गादी थोडी बोथट होईल. पण जी काही जाणीव येईल ती अंगठ्याची असेल."

"मला बोथट अंगठा नकोय. मी काय टपालावर शिक्के मारणार आहे? अनामिका घे."

"सर, मग तुम्हाला अनामिकाच जाणवत राहील."

"ते डोकं नसलेल्यांना," सर म्हणाले. "मला मेंदू आहे. अनामिका घे. आणि आज संपव."

फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे सर पूर्ण जागे होते. पडद्याच्या अलीकडून त्यांची टकळी चालूच होती. आता कुठे पोचलीस? रक्तवाहिनीभोवती थोडी चरबी ठेवलीस का? बोगदा ऐसपैस कर. झोपलीस की काय? भूल देणारा डॉक्टर मध्येच म्हणाला, "सर, थोडं झोपेचं औषध देऊ का?" त्यालाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. गोगलगाय मात्र आपल्याच चालीनं चालली. एकही टाका तिनं घाईनं घातला नाही. शेवटी अंगठ्यावर बसवलेली कातडी गुलाबी झाली, तशीच राहिली, तेव्हा थिएटरमधल्या सिस्टरनं नकळत सुस्कारा सोडला.

सरांनी मान उंचावून पाहिलं. काम इतकं सुरेख झालं होतं, की खोट काढायला जागा नव्हती.

"वेळ फार घेतलास," ते म्हणाले.

टाके निघाले, सूज उतरली. अंगठा दिसायला जवळजवळ पहिल्यासारखा झाला. सर घरी हात पुढे धरून सगळ्यांना दाखवायचे. पण एका सकाळी त्यांनी चहाचा पेला उचलला आणि चमकून अनामिकेकडे पाहिलं. तिला चटका बसला होता. अनामिका पेल्यापासून चांगली लांब, हवेत होती.

त्यांनी पेला खाली ठेवला. अंगठ्यावर फुंकर मारली. गार लागलं ते अनामिकेला. डाव्या हाताच्या नखानं अंगठा खाजवला. खाज अनामिकेची शमली. शर्टाची बटणं लावताना आता अंगठ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागायचं. नजर हलली की बटण सुटायचं, आणि सुटल्याचं कळायचंही नाही. जरा गारठा पडला की नव्या कातडीत अशी कळ उठायची, की खोल खिशात हात घालून बसावं लागे.

मेंदूला नव्यानं शिकवायचा एक उपाय असतो. पेशंटना ते तो सांगायचे, म्हणजे सिस्टरला सांगायला लावायचे. डोळे बांधायचे आणि बोटांनी वस्तू ओळखायच्या. आता रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बायको समोर बसू लागली. सरांच्या डोळ्यांवर रुमाल. ती चिमटीत एकेक वस्तू द्यायची. बटण, किल्ली, कापूस, खिळा, बी.

"किल्ली."

"खिळा आहे," बायको म्हणायची.

"मग नीट दे ना! टोकाकडून दिलास. पुढचं."

तिनं पुढची वस्तू दिली.

"बटण."

"नाही हो. बी आहे, भोपळ्याची."

एकदा त्यांनी वस्तूंचं सगळं ताट उधळलं. बिया आणि खिळे घरभर झाले. बायको ते वेचत राहिली आणि वेचता वेचता तिनं मनाशी काहीतरी ठरवलं. दुसऱ्या दिवशी खिळ्याला ते किल्ली म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "बरोबर." आवाज अगदी नेहमीचा. सरांचा चेहरा खुलला. त्या संध्याकाळी घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी तिला चक्क विचारलं, तुझी पाठ दुखत होती ना, कशी आहे आता? कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. मग ती रोजच बरोबर म्हणू लागली. पटावं म्हणून अधूनमधून एखादं चूक म्हणायची.

सर कामावर परत जायला निघाले. अधीक्षकांनी अट घातली होती: हाताची तपासणी व्हायला हवी, आणि ती ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच करावी.

गोगलगायीनं त्यांना आपल्या खोलीत बसवलं. हातात दोन टोकांचं एक छोटं साधन होतं. ती कधी एक टोक टेकवणार, कधी दोन्ही, आणि डोळे मिटून सांगायचं, एक की दोन.

"एक," सर म्हणाले. "दोन. दोन. एक."

ती थांबली. "सर, पुन्हा करूया."

पुन्हाही तेच. ते अंदाजपंचे दाहोदरसे करत होते, आणि ते दोघांनाही समजत होतं. घरी तर बहुतेक सगळं बरोबर येत होतं, मग इथंच काय झालं, हे मात्र सरांना कळेना.

"सर, अजून नाही," गोगलगाय म्हणाली. "थोडे महिने जाऊ द्या. तोवर तुम्ही बाजूला बसून शिकवा, मी आणि बाकीचे हात चालवतो."

दार उघडंच होतं. बाहेर शिकाऊ डॉक्टर घुटमळत होते. सरांनी डोळे उघडले.

"तू हात चालवणार? तुला साधं टोक टेकवता येत नाही सरळ. हात थरथरतोय तुझा. माझ्या जागेवर डोळा आहे ना? गोगलगाय, गोगलगायीला जागा लागतेच किती गं? जिथं बसते तिथं चिकट करून ठेवते." बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. "पुन्हा कर. आणि या वेळी नीट."

तिनं पुन्हा साधन उचललं. सरांनी डोळे मिटले, पण पापण्यांची एक फट ठेवली. खाली, हातापुरती.

"दोन. एक. एक. दोन. एक."

सगळी बरोबर.

ती त्यांच्या पापण्यांकडे बघत होती. पापण्यांखाली बुबुळं हलत होती. तिनं शेवटपर्यंत सगळं केलं, साधन पुसून पेटीत ठेवलं.

अधीक्षकांपुढे उभी राहिली तेव्हा त्यांनी घाईतच विचारलं, "आली का जाणीव?"

"आली," गोगलगाय म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. कुठल्या बोटात आली, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सरांनी पहिली केस घेतली ती बेकरीवाल्याच्या मुलीची. बापाची बेकरी तीच चालवायची, ग्राहकांपासून भट्टीपर्यंत. पाव कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या तर्जनीचं टोक नखाच्या मागून तुटलं होतं. काप सरळ, स्वच्छ, तुकडाही जपून आणलेला. असली केस म्हणजे जोडणाऱ्यासाठी पर्वणी. मुलगी वेदनेतही बडबडी होती. "डॉक्टर, याच बोटानं मी पाव दाबून बघते हो, झाला की नाही ते," ती म्हणाली. "दुसऱ्या बोटानं बघितलं तर मला पटतच नाही."

"लावून देतो," सर म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज पहिल्यासारखा भरदार होता.

मायक्रोस्कोपच्या एका बाजूला सर, समोर मदतीला गोगलगाय. हाड बसलं. मग रक्तवाहिनी. तुकडा जगायचा तर ती एक केसभर वाहिनी जुळायला हवी होती, बाकी आधार नव्हता. मायक्रोस्कोपमधून डोळ्यांना सगळं मोठं, स्वच्छ दिसतं, आणि म्हणूनच सर निर्धास्त होते. जिथं दिसतंय तिथं जाणवायची काय गरज? पण डोळ्याला टोक दिसतं, टोकामागचा जोर दिसत नाही. सुई धरणारं हत्यार अंगठ्यात किती दाबलंय हे त्यांना कळत होतं ते अनामिकेत, आणि अनामिका रिकामीच होती. मेंदूनं रिकाम्या बोटाचं ऐकलं आणि सांगितलं, सुटतंय, आवळ. त्यांनी आवळलं. हत्यार वळलं. सुईनं वाहिनीची कड फाडली.

लाल ठिपका पसरला.

"जुनाट वाहिनी आहे," सर म्हणाले. मुलगी पंचविशीचीही नव्हती.

"सर, मी घेऊ?" गोगलगायीनं विचारलं.

"तू? पुढच्या महिन्यापर्यंत संपवशील का?"

फाटलेली कड कापून ते आणखी मागे गेले. आता वाहिनी आखूड झाली होती, ताण पडत होता. पहिला टाका बसला. दुसरा घालताना अंगठा पुन्हा घसरला, या खेपेला सैल, आणि सावरायला त्यांनी जो झटका दिला त्यानं टाक्यासकट वाहिनी उसवली. सरांच्या टोपीखालून घाम ओघळला. सिस्टरनं तो टिपला. गोगलगायीचे दोन्ही हात तिच्या बाजूच्या हत्यारांवर स्थिर होते. तिला हात पुढे करता आला असता. अधीक्षकांना बोलवता आलं असतं. ती थांबून राहिली. सरांच्या तोंडून ते ऐकायचं होतं तिला. 'घे' एवढा एकच शब्द.

तो आला, पण फार उशिरा. तोवर शिवायला काही उरलं नव्हतं. गोगलगायीनं हाताच्या मागून एक बारीक शीर काढून मध्ये जोड द्यायचा प्रयत्न केला. टोक थोडा वेळ गुलाबी झालं. मग जांभळं. मग तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस मुलगी रोज पट्टी उघडताना मान वळवून बघायची. "आज कालच्यापेक्षा बरं दिसतंय ना?" ती विचारायची. बाप म्हणायचा, "हो की." बोट काळं पडत चाललं होतं, सुकलेल्या लवंगेसारखं. शेवटी सर पलंगाशी आले.

"काढावं लागेल. तुझ्या वाहिन्याच नाजूक निघाल्या," ते म्हणाले. "एखादीचं नशीब नसतं."

"भट्टीपाशी सतत उभी राहायची, त्यानं झालं का हो?" बापानं विचारलं.

"त्यानंही होतं," सर म्हणाले.

मुलीनं बापाकडे पाहिलं. बापानं मान खाली घातली. भट्टीवर तिला त्यानंच उभं केलं होतं, दहावीनंतर, शिक्षण सोडवून.

सर कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा गोगलगाय मागून आली.

"सर, भट्टीचं कशाला सांगितलंत? बाप आता जन्मभर स्वतःला खात राहील."

"मग काय सांगू?"

"अंगठा."

सर गर्रकन वळले. "माझा अंगठा तू पास केलास! तू सांगितलंस अधीक्षकांना!"

"हो, सांगितलं. तुम्ही फटीतून बघत होतात, तेही मला दिसत होतं."

"मग का?"

गोगलगायीनं वॉर्डाचं दार मागे ओढून घेतलं.

"नाही म्हटलं होतं की. आधी नाहीच म्हटलं होतं. तुम्ही काय बोललात ते बाहेरच्या पोरांनीही ऐकलं. मग मला वाटलं, जाऊ दे, एकदा टेबलावर बसू दे. सगळ्यांसमोर हात घसरू दे. काहीतरी साधीसुधी केस असेल, टाके काढायची, नख काढायची. तुमचं तुम्हालाच कळेल, आणि मला ते बघायला मिळेल. बघायचंच होतं मला, सर. इतकी वर्षं बघायचं होतं. ही मुलगी येईल असं वाटलं नव्हतं. आणि आल्यावरही मी उठले नाही. पहिल्यांदा फाटलं तेव्हा उठायला हवं होतं."

"तू मला बुडवलंस."

"तुम्हाला नाही. तिला," गोगलगाय म्हणाली, आणि आत वळली.

आत जाऊन तिनं बापलेकीला सगळं सांगितलं. अंगठ्याचं, तपासणीचं, आपल्या बघत बसण्याचं. बाप आधी ऐकत राहिला, मग उठून तिच्या अंगावर धावून गेला. सिस्टरनं त्याला धरलं. मुलगी पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत राहिली. चौकशी बसली. चौकशीत गोगलगायीनं तेच पुन्हा सांगितलं. सरांनी सांगितलं, मला पात्र ठरवलं होतं, मी विश्वासानं काम केलं. हेही शब्दशः खरं होतं. गोगलगायीची बदली झाली, शस्त्रक्रियेचा अधिकार काढून घेतला. मोठ्या सरांना सन्मानानं निवृत्त व्हायला सांगितलं. भाषणं झाली. एका शिकाऊ डॉक्टरनं तर सरांमुळेच आपण घडलो असं सांगताना डोळेही पुसले. सर त्याला ओळखत नव्हते.

निवृत्तीनंतर घरात सर आणि बायको. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून रुमाल बांधला आणि म्हणाले, "दे काहीतरी." तिनं दिलं. "किल्ली," ते म्हणाले. नेहमीचं 'बरोबर' आलं नाही.

"काय झालं?"

"खिळा आहे," ती म्हणाली. "त्या वेळीही खिळाच असायचा. रोज. मी खोटं सांगायची."

सरांनी रुमाल सोडला. ओरडायला तोंड उघडलं, पण "का?" एवढंच निघालं.

"तुम्ही शांत असायचात," बायको म्हणाली. "मला तेवढंच पुरत होतं हो. पुढे कुणाचं बोट जाईल हे मला काय माहीत?"

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत झोपू लागली. भांडण नाही, तंटा नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. मात्र त्यांनी काही विचारलं, की आता ती खरं तेच सांगायची. शर्ट शोभत नाही. तुमचं भाषण कुणाला आवडलं नव्हतं. फोन कुणाचा आला नाही.

सर बेकरीत गेले ते थंडी सुरू झाल्यावर. उजवा हात खिशात. भट्टीपाशी बाप होता, पुढच्या फळीशी मुलगी. गर्दी होती. ती आखूड बोट वर ठेवून बाकीच्या बोटांनी पाव दाबून बघत होती, आणि प्रत्येक पाव दोनदा बघत होती. सरांची पाळी आली.

"काय देऊ?" मान वर न करता ती म्हणाली. मग तिनं पाहिलं.

"मी सांगायला आलो होतो," सर म्हणाले. वाक्य त्यांनी वाटेत जुळवून आणलं होतं. "वाहिन्या तुझ्या चांगल्या होत्या. भट्टीचंही काही नव्हतं. वडिलांना सांग."

"त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं सगळं. तेव्हाच," मुलगी म्हणाली. "वडिलांच्या मनातून भट्टी जात नाही. म्हणतात, मोठे डॉक्टर बोलले ते खरं. तुम्हीच सांगा, जा. ते बघा उभे आहेत."

सरांनी भट्टीकडे पाहिलं. म्हातारा पाठमोरा, उलथन्यासारखी लांब फळी आत सारत होता. सरांचे पाय हलले नाहीत. मागे रांगेतली एक बाई म्हणाली, "अहो, घ्यायचं असेल तर घ्या ना लवकर."

मुलीनं हातातला पाव खाली ठेवला.

"बरं, एवढं तरी सांगा," ती म्हणाली. "माझं ते बोट काढलंत, त्याचं पुढे काय केलंत?"

असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

"जाळतात," सर म्हणाले. "बाकीच्या कचऱ्याबरोबर."

मुलीनं मान डोलावली. मग त्यांच्या खांद्यावरून मागच्या बाईकडे बघून म्हणाली, "हं मावशी, बोला. काय देऊ?"